चेंडू नसतानाचा मोरोक्को

फुटबॉलचा सामना दुसऱ्यांदा बघताना मी आवाज बंद करतो आणि चेंडूकडे बघायचं टाळतो. हे दुसरं फार अवघड; डोळे सवयीने चेंडूमागेच पळतात. पण 2022 च्या विश्वचषकातला मोरोक्को समजून घ्यायचा तर दुसरा इलाज नाही. या संघाचं खरं काम चेंडू समोरच्याच्या पायात असताना चालायचं.

6 डिसेंबरचा स्पेनविरुद्धचा सामना घ्या. स्पेनचे पास हजारावर, 120 मिनिटांत गोल शून्य. मोरोक्को गोलसमोर ठाण मांडून बसला, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. सामना मध्येच थांबवा आणि युसुफ एन-नेसिरी कुठे आहे ते शोधा. स्ट्रायकर असूनही तो स्पेनच्या सेंटर बॅकवर धावून जात नाही. रोद्री आणि लापोर्त चेंडू खेळवत बसलेत, तर बसू देत. हा मधल्या फळीतल्या बुस्केट्सच्या आसपास घुटमळतो. तेव्हा स्पेनचा सगळा खेळ बुस्केट्समधून फिरायचा. तो झाकला की चेंडूला मैदानाच्या कडेला जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रशिक्षक वालिद रेग्रागुई यांना तेच हवं होतं.

एन-नेसिरीच्या मागे चौघे, त्यांच्या पाठी एकटा सोफियान अम्राबात, मग बचावफळीतले चौघे. कागदावर हे 4-1-4-1. चेंडू डावीकडे जोर्दी आल्बाकडे गेला की हकीम झियेश त्याच्या अंगावर जातो, उजवा बचावपटू हकीमी आतली वाट अडवतो आणि अख्खी फळी त्या बाजूला सरकते. पलीकडच्या टोकाचा मझरावी जवळजवळ मध्यावर आलेला असतो. त्याची बाजू मोकळी पडलेली स्पष्ट दिसते. पण तिथवर लांब पास पोचेपर्यंत फळी कबड्डीतल्या साखळीसारखी परत सरकलेली असते. एकाचा हात सुटला तर सगळंच फसेल. त्या रात्री तो फारसा सुटला नाही.

अम्राबात पाठदुखीमुळे इंजेक्शन घेऊन उतरला होता, हे नंतर कळलं. तो काहीच करत नाहीये असं वाटतं, तेच क्षण मी मागे नेऊन पुन्हा बघतो. मधल्या फळीतला उनाही स्पेनच्या पेद्रीला अडवायला पुढे गेला की त्याच्या पाठीमागे जागा पडते, आणि पेद्रीची नजर तिकडे वळेपर्यंत अम्राबात दोन पावलं सरकून तिथे उभा. चेंडू मिळाला की हाच उनाही तो पायात घेऊन थेट पुढे निघायचा. सामन्यानंतर स्पेनचे प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी त्याचं तोंडभरून कौतुक केलं.

बरोबरीनंतरच्या पेनल्टी तर सगळ्यांनीच पाहिल्या. साराबियाचा फटका खांबाला, सोलेर आणि बुस्केट्सचे गोलरक्षक बुनूने अडवले, आणि माद्रिदमध्ये जन्मलेल्या हकीमीने स्पेनला घरी धाडलं.

मात्र उपांत्य सामन्यात फ्रान्ससमोर रेग्रागुईंनी बचावात पाच जण उभे केले, आणि हे मला आजही कोडंच वाटतं. आधीच्या पाच सामन्यांत मिळून या संघाने एकच गोल खाल्ला होता, तोही कॅनडाविरुद्धचा स्वयंगोल. मग बसलेली घडी मोडायची कशाला? दुखापती होत्या, हे खरं. बचावपटू आगेर्द ऐन वेळी बाहेर पडला, कर्णधार साईस कसाबसा उतरला. पाचव्याच मिनिटाला ग्रीझमान पाचांच्या मधून आत घुसला आणि त्यातून आलेल्या चेंडूवर थेओ एर्नांदेसने गोल केला. एकविसाव्या मिनिटाला साईस बाहेर गेला, मधल्या फळीतला अमल्ला आत आला आणि बचावात पुन्हा चौघे झाले.

तिथून पुढे मोरोक्को सुरेख खेळला. अल-यामिकचा उलटा फटका मध्यंतराच्या तोंडावर खांबाला लागला. पण आता चेंडू त्यांच्याकडे होता आणि मागे सरून गर्दी करून उभा होता फ्रान्स. ती गर्दी फोडायची तालीम या संघाची झालेली नव्हती. एकोणऐंशीव्या मिनिटाला बदली आलेल्या कोलो मुआनीने दुसरा गोल केला.