अंथरूण पाहून पाय पसरा

ही म्हण खर्चाच्या बाबतीत सांगितली जाते. दांडी, उच्छेळीपासून तारापूरपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर मात्र ती शब्दशः पाळावी, असे आम्हा डॉक्टरांना वाटते. ऋतू पालटला की दवाखान्यात दम्याची, खरजेची आणि सर्दीची गर्दी होते. त्यातल्या पुष्कळांचे मूळ औषधाच्या कपाटात नसते, गादीत असते.

समुद्रकाठची हवा दमट. त्यात मीठ. मिठाचा गुण पाणी ओढण्याचा आहे, म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेले कापड वाळले तरी पुन्हा ओलसर होते. होडीवरचे कपडे वा चादरी गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय अंथरुणात घेऊ नयेत. मासळी वाळत असेल तेथून पांघरुणे दूर वाळवावीत.

पावसाळा

जूनपासून चार महिने गादी नीट वाळत नाही. अशा ओलसर गादीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे वाढतात. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर जगतात. त्यांची विष्ठा श्वासातून आत गेली की ज्याला दमा आहे त्याची धाप वाढते, ज्याला नाही त्याला सकाळी उठताच शिंकांवर शिंका येतात. पोर रात्री खोकते आणि दिवसा बरे असते, असे दिसल्यास त्याची उशी व गादी आधी तपासा.

या दिवसांत जाड गादीपेक्षा चटई आणि तिच्यावर धुता येणारी गोधडी बरी. चादर व अभ्रे आठवड्यातून एकदा कडक पाण्यात धुवावेत. साधारण ५५ ते ६० अंश तापलेल्या पाण्यात हे किडे मरतात. नवरात्राआधी गोधड्या धुण्याची आपली रीत उत्तम आहे. ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या दोन्ही बाजूंनी तापवाव्यात आणि झोडपाव्यात, कारण मेलेल्या किड्यांची धूळही त्रास देते. हे काम दम्याच्या माणसाने करू नये.

घरात खरूज असेल तर सर्वांनी एकाच दिवशी औषध लावावे आणि त्याच दिवशी कपडे-पांघरुणे गरम पाण्यात धुवावीत. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त सहसा जगत नाही.

मण्यार

पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांना खरा धोका मण्यारीचा. ती रात्री हिंडते, अंथरुणात शिरते. तिचा चावा अनेकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या मिटू लागणे, बोलणे जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसली तर भगताकडे वेळ घालवू नका. थेट सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. श्वास बंद पडण्याची भीती असते. शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचा. डास अडतात, सापही अडतो. झोपण्याआधी अंथरूण बॅटरीच्या उजेडात झाडून घ्या.

हिवाळा

आपल्याकडे थंडी थोडी, पण पहाटेचा गारठा बाधतो. एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणे चांगली; गरम झाले की एक काढता येते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, तोंडावर येईल असे पांघरूण नको, आणि त्याला उताणेच निजवावे. ऊब हवी तर अंगात कपडे वाढवा. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

उन्हाळा

घामोळ्यांच्या दिवसांत फोमची गादी अंगाची उष्णता धरून ठेवते. कापसाची पातळ गादी, वर सुती चादर किंवा चटई पुरे. तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी करून दुपारी झोपणाऱ्यांनी तर हे आवर्जून पाळावे. घामाने भिजलेली चादर रोज उन्हात टाकावी.

यातील कशालाच फारसा खर्च नाही. नवी गादी घेताना ती किती मऊ आहे हे सगळेच दाबून पाहतात. ती आपल्या घरात कोरडी राहील का आणि तिला ऊन दाखवायला जागा आहे का, हे आधी विचारा.