मोटारीचा लोअर आर्म घरी बदलताना

शेतमाल बाजारात नेण्यासाठी व घरच्या कामासाठी अनेक शेतकरी बंधूंनी मोटारी घेतल्या आहेत. शेतरस्त्यावरील खड्ड्यांचा मार प्रथम पुढील चाकांच्या जोडणीस बसतो. या जोडणीतील लोअर आर्मचे आतील टोक रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्यास, तर बाहेरील टोक बॉल जॉइंटने चाकाच्या नकलला जोडलेले असते. बुश फाटल्यास खडखड ऐकू येते, गाडी एका बाजूस ओढते आणि टायर एका कडेने झिजतो. बॉल जॉइंट निखळल्यास चाक आडवे होऊन गाडी ताब्यात राहत नाही. म्हणून ही लक्षणे दिसताच दुरुस्ती करावी.

पूर्वतयारी : काळ्या जमिनीत जॅक खचतो, यास्तव गाडी काँक्रीटच्या सपाट जागेवर उभी करावी. हातब्रेक ओढून मागील चाकांना अटकण लावावी. गाडी उचलल्यावर सांगाड्याखाली लोखंडी घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकच्या किंवा रचलेल्या विटांच्या भरवशावर गाडीखाली कदापि जाऊ नये.

कृती : चाक काढून बॉल जॉइंटचा बोल्ट पूर्णपणे बाहेर काढावा व पहारीने आर्म खाली दाबून सोडवावा. या वेळी नकल बाहेर ओढू नये. तसे केल्यास ॲक्सलचा आतील सांधा निसटण्याचा संभव असतो. ब्रेकच्या नळीवरही ताण पडू देऊ नये. नंतर बुशांचे बोल्ट काढून नवा आर्म बसवावा व हे बोल्ट हातानेच लावून ठेवावेत. बॉल जॉइंटची खाच बोल्टच्या छिद्रासमोर आणून तो बोल्ट मात्र पक्का आवळावा.

महत्त्वाची दक्षता : बुशांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना आवळणे, ही चूक वारंवार आढळते. बोल्ट आवळताच बुशाची आतील नळी जखडली जाते. पुढे गाडी चाकांवर टेकली की आर्म वर जातो व रबराला कायमचा पीळ बसतो. परिणामी नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून चाक लावून, गाडीचा संपूर्ण भार चाकांवर आल्यावरच हे बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत. लॉकनट नवेच वापरावेत. त्यानंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. नाहीतर नवे टायरही वाया जातील.

कोणते काम घरी करू नये : काही जीप व पिकअप गाड्यांत स्प्रिंग अथवा टॉर्शन बार यांचा भार थेट आर्मवर असतो. असा आर्म सोडविताच दबलेली शक्ती एकाएकी मोकळी होऊन प्राणघातक इजा होऊ शकते. बोल्ट गंजून जाम झाला असल्यास किंवा सांगाड्यास तडा दिसल्यासही गाडी कुशल कारागिराकडेच न्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद गाडीमालकांना प्रत्यक्ष दाखवून द्यावा.