जास्तीचं म्हणजे फुकट नव्हे

‘रिडन्डन्सी’ हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ उतू जाणं. ब्रिटनमधल्या मालकांनी तो माणसांना लावला: काम उरलं नाही, माणूस जास्तीचा झाला. अशा कामगारांच्या भरपाईसाठी तिथे १९६५ मध्ये कायदाच झाला. इंजिनिअर मात्र हाच शब्द कौतुकाने वापरतो. विमानाचं दुसरं इंजिन, इस्पितळातला जनरेटर ही त्याची रिडन्डन्सी. भाषेतही ती असते. ‘ती मोठी मुलगी आली’ या चार शब्दांत स्त्रीलिंग चार वेळा येतं, म्हणून पुण्यातल्या लक्ष्मी रोडच्या गोंगाटात एखादा शब्द निसटला तरी अर्थ पोचतो. इंग्रजीतला सुमारे निम्मा मजकूर असा जास्तीचा असतो, हा गणितज्ञ क्लॉड शॅननचा १९४८ मधला अंदाज.

पुण्याने या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पुरात अनुभवले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. काम अर्धवट होतं, पावसाळा आला होता, आणि जवानांनी वाळूची पोती रचूनही बांध टिकला नाही. तो लोंढा खाली खडकवासला धरणावर आला आणि तेही फुटलं. वरच्या धरणाचा धक्का सोसेल अशी सोय खालच्यात नव्हती. पेठांत पाणी शिरलं, आणि ते ओसरल्यावर शहराचे नळ कोरडे पडले, कारण पिण्याचं पाणी त्याच खडकवासल्यातून येई.

तेव्हा उपयोगी पडल्या त्या वाड्यांतल्या विहिरी आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातली कात्रजची पाणीयोजना. तलावातलं पाणी भुयारी नळाने, नुसत्या उतारावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत येई. काळा हौद, फडके हौद, साततोटी ही नावं आता बसथांब्यापुरती उरलीत. घरोघरी नळ आल्यावर हे सगळं अडगळ ठरलं होतं!

आज भामा आसखेड धरणाचं पाणी शहराच्या पूर्व भागाला मिळतं, ही चांगली गोष्ट. बाकीचं बहुतेक पुणे मात्र अजून खडकवासल्याच्या एका धरणसाखळीवरच जगतं. त्यामुळे तुमचा वाडा किंवा सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल, तर आवारातली विहीर आराखड्यात बुजवलेली नाही ना, हे सही करण्याआधी तपासा.