हप्ता म्हणजे किती दिवस?



आज एका शब्दाविषयी बोलू. तो आपल्या तोंडी रोज असतो. शब्द आहे ‘हप्ता’.

आमच्या गटातल्या एका ताईंनी बाहेरून कर्ज घेतलं. देणारा माणूस हिंदीत म्हणाला, “हफ्ते का पाँच सौ.” ताईंना वाटलं, पाचशेचा हप्ता, म्हणजे गटासारखाच महिन्याला. त्यांनी अंगठा दिला आणि आठव्या दिवशी वसुलीवाला दारात उभा! महिन्याला पाचशे म्हटलं तर वर्षाचे ६,००० होतात. आठवड्याला पाचशे म्हटलं तर ५२ आठवड्यांचे २६,०००. ताईंवर डोरलं मोडायची वेळ आली. शेवटी गटाने अंतर्गत कर्ज देऊन ती वेळ निभावली.

मग आम्ही विचार केला, एकाच शब्दाचे दोन अर्थ कसे?

हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘हफ्त’ म्हणजे सात आणि ‘हफ्ता’ म्हणजे सात दिवस. हिंदीत तोच अर्थ राहिला. मराठीत मात्र ठरलेल्या मुदतीने द्यायची रक्कम म्हणजे हप्ता, मग मुदत कितीही असो. लाडक्या बहिणीचा हप्ता महिन्याचा, तर पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता चार महिन्यांचा.

आता गंमत बघा. आपल्या गावात हरिनाम सप्ताह बसतो ना? तो ‘सप्ताह’ संस्कृत ‘सप्त’वरून आला. सप्त आणि हफ्त या सख्ख्या बहिणी. इराणकडच्या जुन्या भाषांत ‘स’चा ‘ह’ झाला. सिंधूचं हिंदू झालं ते असंच. आपल्याकडे सप्तचं ‘सात’ झालं. इंग्रजीतलं ‘सेव्हन’ आणि जर्मनीतलं ‘झीबन’ हीसुद्धा त्याच घराण्यातली. भिंतीवरच्या कॅलेंडरमधला सप्टेंबरही त्यातलाच. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून तो सातवा महिना होता.

आणि आपला ‘आठवडा’? त्यात सात नाही, आठ आहे. एका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही दिवस धरून मोजा, आठ भरतात. जर्मन लोकही बोलताना आठवड्याला ‘आठ दिवस’ म्हणतात.

म्हणजे शब्द सगळीकडे फिरतो, पण प्रत्येक घरी त्याचं माप वेगळं. म्हणून मैत्रिणींनो, कर्जाच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी तीन प्रश्न विचारा. हप्ता किती दिवसांनी? एकूण हप्ते किती? सगळे मिळून भरायचे किती रुपये?

उत्तर तोंडी घेऊ नका. लहान कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. त्याप्रमाणे कर्ज घेणारीला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड द्यावं लागतं. ते मागून घ्या. वाचता येत नसेल तर गटाच्या बैठकीत आणा, आपण मिळून वाचू. त्यात लाजायचं काही नाही. आमच्या त्या ताईच आता प्रत्येक बैठकीत नव्या बाईला आधी विचारतात, “हप्ता म्हणजे किती दिवस, विचारलंस का गं?”