आधी जागा, मग कंत्राट

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपण विनोदाने वापरतो. सार्वजनिक कामांत मात्र तिची किंमत जनतेला मोजावी लागते. मुरबाड तालुक्यातील काळू नदीवरील धरणाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. मुंबई महानगर प्रदेशाच्या पाण्यासाठी कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने हे काम कंत्राटाने दिले. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यान्वये आवश्यक असलेली केंद्राची पूर्वपरवानगी हाती नसताना २०११ साली ते सुरूही झाले. श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कामास स्थगिती दिली.

धरण हवे की नको, आणि गावे व जंगल यांचे काय, हे प्रश्न मोठे आहेत; येथे विचार आहे तो कंत्राटाचा. कंत्राट हे केवळ कंत्राटदारावरील बंधन, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची आहे. काम करून घेणाऱ्याने त्यासाठी लागणारी वाजवी सोय पुरविली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामापुरता काम करणारा दोषमुक्त होतो, असे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ६७ वे कलम सांगते. निर्वेध जागा ही तर पहिली सोय! ती नसेल तर दिरंगाईचा दंड कोणाकडून वसूल करावयाचा? उलट, उभ्या यंत्रांची भरपाई आणि भाववाढ यांचे दावे सरकारवरच येतात.

याहून हलाखी असते ती खडी, डिझेल, टँकर पुरविणाऱ्या स्थानिक माणसाची. त्याचा करार सरकारशी नसतो. मुख्य कंत्राटदाराचे देयक अडले की त्याची उधारीही अडते.

मार्चअखेर निधी परत जाईल, थांबल्यास दर वाढतील, ही घाईची नेहमीची कारणे. परंतु कंत्राट देण्यापूर्वी थांबणे हे दिल्यानंतर थांबण्यापेक्षा केव्हाही स्वस्तच. म्हणून परवानग्या व जमिनीचा ताबा मिळाल्यावाचून कार्यादेश देऊ नये. कामातील अडचणींची नोंद उभयपक्षी दरमहा व्हावी. आणि लहान पुरवठादारांची देणी भागविल्याचा पुरावा पाहूनच पुढील देयक मंजूर करावे. यासाठी नवा कायदा नको. सही करण्यापूर्वी कागद पुरे आहेत ना, हे पाहणारा अधिकारी हवा.