नियमाचा आंकडा आणि मोटारीची घडण



मोटारींच्या कांहीं शर्यतींत केवळ शर्यतीकरितां घडविलेल्या गाडीला मज्जाव असतो. सामान्य गिऱ्हाइकाला जी गाडी विकत मिळते, तीच तेथें धांवावी, असा दंडक आहे. ती खरोखर विक्रीची गाडी आहे हें ठरविण्यासाठीं आंतरराष्ट्रीय मोटारसंघ कारखानदाराकडून ठराविक संख्येच्या गाड्या बनविल्याचा पुरावा मागतो, आणि गाडीचीं बारीकसारीक मापें नोंदवून घेतो. ह्या नोंदणीस 'होमोलोगेशन' म्हणतात. शर्यतीनें बाजारांतील मोटारीच्या मागून चालावें, हा नियमाचा हेतु. घडलें पुष्कळदां उलटें.

बी. एम्. डब्ल्यू. कारखान्यानें १९८६ सालीं काढलेली 'एम्-३' पाहा. तिच्या मूळच्या घरगुती गाडीची मागची कांच काहीशी उभी होती; त्यामुळें मागील पंखावरून वारा नीट वाहत नसे. नोंदलेल्या गाडीची कांच शर्यतीपुरती बदलण्याची मुभा नव्हती. तेव्हां विक्रीच्याच गाडीची कांच अधिक कलती केली, सामानाच्या पेटीचें झांकण उंचावलें, चाकांवरच्या कमानी रुंद केल्या. नियम १२ महिन्यांत ५००० गाड्यांचा होता. बाजारहाटाला जाणारा गृहस्थहि, नकळत, शर्यतीची कांच मिरवूं लागला!

आंकडा ५००० चा असला, म्हणजे कारखानदाराला गिऱ्हाइकाची गरज निदान विचारांत घ्यावी लागते. तो लहान असला, कीं पळवाटा सुरू होतात. १९६२ सालीं नियम १०० गाड्यांचा असतांना फेरारीनें '२५० जी. टी. ओ.' मैदानांत आणली. तीन वर्षांत बनल्या अवघ्या ३६. ही नवी गाडी नव्हे, जुन्या '२५० जी. टी.'चीच सुधारणा आहे, असा युक्तिवाद झाला आणि तो मान्यहि झाला. गंमत अशी, कीं नांवांतला 'ओ' म्हणजे 'ओमोलोगातो', अर्थात् 'मान्यताप्राप्त'. पुढें इंजिन मध्यभागीं असलेल्या '२५० एल्. एम्.'साठीं हीच सबब पुढें केली, तेव्हां मात्र संघानें ती नाकारली.

१९६९ मध्यें पोर्शची '९१७' आली. पांच लिटरपर्यंतच्या इंजिनाला परवानगी होती, अट फक्त २५ गाड्यांची. मार्चमध्यें तपासनीस आले, तों पुऱ्या जोडलेल्या गाड्या थोड्याच. बाकीच्या अर्ध्यामुर्ध्या, कांहींचे नुसते सुटे भाग. तपासनिसांनीं नकार दिला. (शाळातपासणीच्या आदल्या दिवसाची धांदल ज्यांनीं अनुभवली आहे, त्यांना पुढचें सांगावयास नको.) एप्रिलमध्यें २५ गाड्या कारखान्यापुढें ओळीनें उभ्या होत्या. १९७० व १९७१ ची 'ल मां'ची चोवीस तासांची शर्यत ह्याच जातीच्या गाडीनें जिंकली. ह्या पंचविसांतली एक घेऊन कोणी कचेरीला जाईल, अशी कल्पना कारखानदारालाहि नसावी.

इतपर्यंत हा चातुर्याचा खेळ वाटतो. १९८२ सालीं रॅलींसाठीं, म्हणजे रहदारी बंद केलेल्या रस्त्यांवर वेळ मोजून धांवण्याच्या शर्यतींसाठीं, 'ग्रुप बी' हा वर्ग निघाला. येथें आंकडा २०० चा, आणि बांधणीस मोकळीक फार. लान्चिया कारखान्यानें 'डेल्टा एस्-४' घडविली: नळ्यांचा सांगाडा, इंजिन चालकाच्या पाठीमागें, शक्ति ४०० अश्वशक्तीहून अधिक, वजन १००० किलोच्या आंत. बाजारांतील 'डेल्टा'शीं तिचें नात्यापेक्षां नांवच अधिक जुळे. मार्च १९८६ मध्यें पोर्तुगालांत ह्याच वर्गाची एक फोर्ड गाडी गर्दींत घुसून प्रेक्षक मृत्यु पावले. मे महिन्यांत कॉर्सिका बेटावर हेन्री टोइव्होनेन व त्याचा सहकारी सर्जिओ क्रेस्टो ह्यांची 'एस्-४' रस्त्याखालीं कोसळून पेटली; दोघेहि त्यांत गेले. १९८७ पासून ह्या वर्गास जागतिक स्पर्धेंत बंदी झाली, आणि ५००० गाड्यांची अट असलेला 'ग्रुप ए' हाच प्रमुख वर्ग ठरला.

तेव्हां लान्चियानें बाजारांतील खरी, चार दारांची कौटुंबिक 'डेल्टा' पुढें काढली. तिच्या चारी चाकांना शक्ति पुरविणारी आवृत्ति विक्रीस ठेवली, पुढें तिच्या कमानी रुंदावल्या, आणि १९८७ ते १९९२ अशीं लागोपाठ सहा वर्षें कारखानदारांचें जागतिक अजिंक्यपद तिनेंच मिळविलें.