बोर्क स्ट्रीटवरची कॉफी

कॉफी विकणाऱ्या माणसाचा अंत्यविधी शासकीय इतमामाने होतो, हे आपल्याकडे कुणी ऐकले आहे काय? ऑस्ट्रेलियात तसे घडले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी मेलबर्न शहरातील सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये सिस्टो मालास्पिना या चौऱ्याहत्तर वर्षांच्या दुकानदाराला व्हिक्टोरिया राज्याने हा मान दिला. ते मंत्री नव्हते, लष्करात नव्हते की क्रिकेटपटूही नव्हते. त्यांचे एक लहानसे कॉफीचे दुकान होते, आणि तेही भागीदारीत. वाचकांना आज त्या दुकानाची माहिती द्यावी असे आम्हांला वाटले.

मेलबर्नच्या ऐन मध्यवस्तीत बोर्क स्ट्रीट हा गजबजलेला रस्ता आहे. तेथे ६६ क्रमांकाच्या गाळ्यात ‘पेलेग्रिनीज एस्प्रेसो बार’ आहे. बार हा शब्द वाचून आमच्या माताभगिनींनी दचकू नये! इटलीत बार म्हणजे सकाळी कामावर जाताना उभ्या उभ्या घोटभर कॉफी घेण्याचे ठिकाण. गाळा अरुंद आहे. एका अंगाला लांब फळी, तिच्यासमोर उंच स्टुले, भिंतीवर पदार्थांची पाटी आणि आत स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरातही एक टेबल टाकलेले आहे. चुलीवर शेवया उकळत असतात आणि गिऱ्हाईक बाजूलाच बसून जेवत असते. फळीपाशी वकील, रंगारी, नाटकवाला आणि विद्यार्थी कोपराला कोपर लावून बसतात. गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेला कप ज्यांच्या आजोबांना स्वतः विसळून घ्यावा लागला, त्या आपल्या घरांना अशा फळीचे मोल वेगळे सांगायला नको.

हे दुकान १९५४ साली लिओ आणि विल्डो पेलेग्रिनी या भावांनी काढले. तो काळ समजून घेतला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाने इटलीची दैना झाली होती. हाताला काम नव्हते, आणि ऑस्ट्रेलियाला माणसे हवी होती. १९५१ साली दोन्ही देशांत करार झाला आणि इटालियन माणसे बोटी भरभरून तिकडे गेली. १९७१ पर्यंत इटलीत जन्मलेल्या लोकांची संख्या ऑस्ट्रेलियात २ लाख ८९ हजारांवर पोचली. धरणे, कारखाने, उसाची शेती अशा अंगमेहनतीच्या कामांवर ती राबली. पण मान मिळाला म्हणावे तर तसेही नाही. ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे धोरणच गोऱ्यांपुरते होते. इटालियन गोरे असूनही त्यांची भाषा, त्यांचा लसूण आणि त्यांचे मोठ्याने बोलणे यांवरून त्यांना नावे ठेवली जात. अशा माणसांना संध्याकाळी चार घटका बसायला जागा हवी होती. त्यातच व्हिक्टोरियात दारूचे गुत्ते संध्याकाळी ६ वाजता बंद करण्याचा कायदा होता, तो १९६६ पर्यंत टिकला. सहानंतर शहर निजायचे. कॉफीच्या दुकानांचा दिवा मात्र जळत राहायचा, आणि हळूहळू इंग्रजी बोलणारी तरुण मंडळीही तिथे डोकावू लागली.

आता एस्प्रेसो म्हणजे काय, हेही सांगून टाकू. आपण कॉफी दुधात उकळतो. एस्प्रेसो उकळत नाहीत, ती दाबाने काढतात. मिलान शहरातील लुईजी बेझेरा यांनी अशा यंत्राचे पेटंट १९०१ मध्ये घेतले. त्यात वाफेच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकलले जाई, पण कॉफी करपट लागे. त्याच शहरातील अकिले गाज्जा यांनी महायुद्धानंतर दांडीचे यंत्र आणले आणि चित्र पालटले. दांडी खाली ओढली की आतली स्प्रिंग आवळली जाते. दांडी सोडली की तीच स्प्रिंग दट्ट्या रेटते, आणि गरम पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट जोराने कॉफीच्या पुडीतून जाते. पूड साधारण ७ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद. हाती येते ती जेमतेम दोन-तीन घोटांची दाट कॉफी आणि तिच्यावर तांबूस फेसाची साय. पूड जास्त भरड असली तर पाणी भसकन निघून जाते, फार बारीक असली तर थेंब थेंब गळते आणि चव कडू होते. म्हणजे यंत्र कितीही महागाचे असो, सगळा खेळ हाताच्या अंदाजाचा! फळीमागच्या माणसाला आम्ही कारागीरच म्हणू. मेलबर्नमध्ये एस्प्रेसो यंत्र आधी आणणाऱ्यांत पेलेग्रिनीजची गणना होते.

१९७४ साली हे दुकान सिस्टो मालास्पिना आणि निनो पांग्राझिओ या दोघांनी विकत घेतले. दोघेही इटालियन. शहाणपण असे, की त्यांनी पाटी बदलली नाही आणि सजावटही बदलली नाही. पुढे शहरात काचेचे मनोरे उभे राहिले, परदेशी कंपन्यांची चकचकीत कॉफीगृहे आली. स्टारबक्स या अमेरिकन कंपनीने २००० साली ऑस्ट्रेलियात पाऊल टाकले आणि २००८ मध्ये ८४ पैकी ६१ दुकाने एकदम बंद केली. याची कारणे व्यापारी लोक नाना प्रकारे सांगतात. आमच्या मते, ज्या गिऱ्हाइकाला आपला कॉफीवाला चेहऱ्याने ओळखतो, ते गिऱ्हाईक सहजासहजी दुसरीकडे जात नाही. सिस्टो गळ्यात रंगीत रुमाल बांधून फळीमागे उभे राहत आणि आल्यागेल्याशी बोलत. चव्वेचाळीस वर्षे त्यांनी हेच केले.

९ नोव्हेंबर २०१८, शुक्रवार. दुपारी चार वाजून गेले होते. सिस्टो त्याच रस्त्याने चालले होते. समोर एक गाडी पेटली होती. ड्रायव्हर संकटात असावा असे वाटून ते मदतीला धावले. पण आग त्या माणसाने स्वतःच लावली होती आणि त्याच्या हातात सुरा होता. सिस्टो जागीच गेले, आणखी दोघे जखमी झाले. काही दिवसांपूर्वीच ते आजोबा झाले होते.

दुकानाच्या दारात फुलांचा ढीग लागला. अनोळखी माणसे चिठ्ठ्या ठेवून जात होती. राज्याच्या प्रमुखांनी कुटुंबाला विचारले, कुटुंबाने होकार दिला, आणि ज्या देशात इटालियनांना एके काळी हिणवले जाई तिथे एका इटालियन कॉफीवाल्यासाठी कॅथेड्रल भरले. पेलेग्रिनीज त्यानंतर पुन्हा उघडले. पाटी तीच आहे, फळीही तीच आहे.